वरून दिलेला गठ्ठा

अविनाश हरकरेने माझ्या मुलीला फसवलं. चुकून नाही, घाईत नाही. चहा पाजून, मराठीत बोलून, समजून-उमजून फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण गेलं वर्षभर ही गोष्ट मी ज्याला सांगायला बसते तो मधेच म्हणतो, "अहो, पण झालं काय ते तर सांगा." तर झालं ते हे. बाकीचं आता सावकाश सांगते.

सावकाश सांगायला हेच दिवस बरे. जबलपुरात मटर आला आहे. पुण्याची माझी जाऊ त्याला मटार म्हणते, पण आम्ही इथले लोक मटरच म्हणतो आणि तो इथल्याइतका गोड कुठे होत नाही असंही म्हणतो. ट्रॉल्या भरभरून पोती येतात. गल्लीत ज्याच्या त्याच्या दारात परात, परातीभोवती बायका, आणि सगळ्यांच्या अंगठ्याचं नख हिरवं. सालं गाईंना टाकून टाकून गाईसुद्धा कंटाळतात. सकाळी धुकं असं उतरतं की समोरच्या घराची तुळस दिसत नाही. मग डुमन्याच्या विमानतळाकडे येणारं विमान वर कुठेतरी घरघरत राहतं, चक्कर मारतं, दिसत मात्र नाही. कधी उतरतं, कधी आवाज बारीक होत होत दुसऱ्या गावाला निघून जातो.

तो आवाज आला की माझ्या घरातलं एक माणूस शेंग सोलायचं थांबतं. ती मुक्ता, माझी मुलगी. विमान उडवायला शिकलेली. आणि ती थांबली की माझ्या पोटात हरकरे उठतो.

मी कोण, हेही सांगायला हवं. महाराजपुरला एका खोलीत एक शिलाई मशीन टाकून मी सलवार-सूट शिवायला सुरुवात केली. मुक्ताचे बाबा तेव्हा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत नवे लागले होते, त्यांच्या पगारात घर चाले, स्वप्नं चालत नसत. आज माझ्या कारखान्यात बायका ओळीने बसून शिवतात आणि माझा माल बिहारपर्यंत जातो. हे कोणी मला दिलं नाही, मी कापडाच्या एकेका थानावर घासाघीस करून मिळवलं. कापडाचे व्यापारी मला पाहिलं की आधी खुर्ची देतात आणि मग कपाळाला हात लावतात. थान उघडल्याशिवाय मी घेत नाही. उघडलं की आधी उलटं करते, कारण सुलट्या बाजूला सगळेच सजतात. मग सूत ओढते. मग एक धागा जाळते. सुती असलं तर कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर असलं तर वितळून त्याची कडक गोळी होते. "दीदी, आप तो दुकान ही जला दोगी," असं एक म्हातारा व्यापारी म्हणायचा. मी म्हणायची, "माल सच्चा है तो डर काहे का?"

अशी मी, आणि मला फसवलं.

मागच्या थंडीत मुक्ता फ्लाइंग क्लबातून घरी आली होती, इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या लेखी परीक्षेचा अभ्यास करायला. ढगात, धुक्यात, जिथे बाहेरचं काहीच दिसत नाही तिथे नुसत्या समोरच्या काट्यांवर विमान चालवायची परवानगी म्हणजे हे रेटिंग. ते नसलं तर मोठ्या विमानाची नोकरी विसरा. आधी लेखी, मग उडवून दाखवायचं. उडवून दाखवायला तिचा नंबर लागलेला होता. लेखी पास झाली की लगेच जायचं.

"यात कठीण काय असतं?" मी विचारलं.

"स्वतःवर भरवसा न ठेवणं," ती म्हणाली.

मला कळलं नाही. तेव्हा तिने मला कारखान्यातल्या फिरत्या खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि खुर्ची एकसारखी फिरवत ठेवली. थोड्या वेळाने मला वाटलं, थांबली. "थांबलीस काहून?" मी म्हटलं, तर सगळ्या बायका हसल्या, कारण मी फिरतच होते. मग तिने खरोखर थांबवलं, आणि देवाशपथ, मी उलटी फिरू लागले. खुर्चीचा हात धरून ओरडले, "अगं, थांबव नं!" बायकांनी मशिनी बंद केल्या हसायला. "दीदी तो बैठी-बैठी उड़ गई," कोणीतरी म्हणालं.

मुक्ताने माझे डोळे उघडले. "पाहिलं? ढगात शरीर असंच खोटं बोलतं. म्हणून शिकवताना डोळ्यांवर झापड लावतात, समोरचे काटेच फक्त दिसावेत म्हणून. आपल्याला काय वाटतं ते मनातून काढायचं आणि काटा सांगेल ते ऐकायचं."

हे वाक्य मी विसरले नाही. पुढे काय झालं ते सगळं या वाक्यातून झालं.

अभ्यासाला काय घ्यायचं, याच्यावर आमच्या घरी बाजार भरला. कापड कापायच्या मोठ्या टेबलावर मुक्ताने एकेक मांडलं. एक परदेशी पुस्तक, उशीएवढं जाड, कागद असा की हात फिरवत राहावं, पानापानावर रंगीत चित्रं, पण त्यातले नियम तिकडचे. एक आपल्या नियमांचं, चित्र नाही की काही नाही, पावसाळ्यात पापड खावा तसं मऊ आणि बेचव. मोबाइलवरचं एक ॲप, ज्यात प्रश्न टपाटपा येतात आणि चुकलं की लाल होतं. आणि कोणा सीनियरने पाठवलेल्या वहीचे तिरके फोटो, प्रत्येक पानावर त्याच्या अंगठ्याची सावली.

मुक्ताचं म्हणणं होतं, हे जाडं पुस्तक समजायला आणि आपले नियम पाठ करायला, बस. "आई, ज्यात उत्तर कसं आलं ते लिहिलं आहे तेच कामाचं."

"पण परीक्षेत काय येते ते कोण सांगेल?"

"ते कोणाच्या पुस्तकात नसतं."

"बाजारात सगळं असतं," मी म्हटलं.

आणि होतंच. ओमतीत एका चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर गेलं की हरकरेचा क्लास. पायलटच्या लेखी परीक्षांची तयारी आणि पुस्तकं, असा फलक. आत पंख्याजवळ दोऱ्याला पांढरं विमान टांगलेलं, प्लास्टिकचं. पंखा फिरला की ते हळूहळू वळायचं आणि दर वेळी त्याचं नाक भिंतीकडे येऊन थांबायचं. मला तेव्हाच काहीतरी समजायला हवं होतं, पण मी पुस्तकांचे कागद पाहत होते.

"बसा ताई. काय पायजे?"

"पुस्तकं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची."

"क्लास लावा नं. नुसती पुस्तकं काहून नेता?"

"मुलगी विमान उडवून राहिली आहे सर. तिला शिकवणी नको, पुस्तकं पायजे."

"अच्छा, मराठी आहात! कुठले तुम्ही?"

"महाराजपुरचे."

"ते नाही हो, मूळचे?"

"आमच्या आजेसासऱ्यांपासून इथेच. आता मूळ शोधायचं तर नर्मदेत हात घालावा लागेल."

तो मोकळं हसला. चहा मागवला. या शहरात चार बाजूंनी हिंदी. आपली भाषा घरात बोलायची, सणावाराला बोलायची. परक्या जिन्यावर ती कानावर पडली की माणूस खांदे सैल सोडतो. मीही सोडले. धागा न जाळता मी फक्त एकदा माल घेतला आहे, तो या माणसाकडून, आणि त्याचं कारण हे.

पुस्तकं त्याने काढली, ती बरी होती. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. भाव ठरला. मग मी माझ्या सवयीने विचारलं, "यावर वरून काय देता?"

"पुस्तकांवर वरून? ताई, ही काय भाजी आहे?"

"भाजीवाला तुमच्याहून गरीब, तरी मूठभर कोथिंबीर आणि मिरच्या टाकतो. तुम्ही तर सर आहात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या कपाटातून एक गठ्ठा काढला, फोटोकॉपीचा, वरून पिवळं कव्हर. "घ्या. हे मी क्लासच्याच पोरांना देतो. आतापर्यंत आलेले प्रश्न, उत्तरांसकट. आपले लोक म्हणून देऊन राहिलो. कोणाला दाखवू नका, हं."

मी जिना अशी उतरले की जणू दुकानच जिंकलं.

घरी मुक्ताने मला सांगितलं की असे गठ्ठे कसे तयार होतात. परीक्षेत प्रश्नपत्रिका बाहेर नेता येत नाही. म्हणून क्लासवाले पोरांना वाटून देतात: तू सुरुवातीचे लक्षात ठेव, तू मधले, तू शेवटचे. पोरं पेपर देऊन बाहेर आली की तहान-भूक विसरून आधी सरांना फोन लावतात आणि आपापले प्रश्न म्हणून दाखवतात. सर लिहून घेतात. अशा कित्येक वर्षांच्या तोंडपाठातून गठ्ठा जमतो. मला ही पद्धत आवडली होती, खरं सांगते. बाजारातलीच पद्धत वाटली.

परवा मटर सोलताना मागच्या वर्षीचा एक प्रसंग आठवला. कुकर गॅसवर होता, शिट्टी होत नव्हती, नुसती फसफस. मटराचं साल शिट्टीच्या भोकात अडकलं होतं. मागच्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा मुक्ता गठ्ठा मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि एकदम म्हणाली होती, "आई, हेच! अगदी हेच विचारलंय इथे."

"काय?"

"विमानाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. तिथून बाहेरच्या हवेचा दाब आत येतो आणि त्यावर वेगाचा काटा चालतो. समज वर उंच असताना ते भोक बुजलं, बर्फाने म्हण. आता आत अडकली ती वरची हवा, विरळ. विमान खाली उतरत आलं, बाहेर हवा दाट होत चालली. मग काटा वेग खरा आहे त्यापेक्षा जास्त दाखवेल का कमी?"

"मला काय विचारतेस? माझं साल काढ आधी."

तिने सुईने साल काढलं. कुकरने अशी शिट्टी मारली की तिचे बाबा बाहेरच्या खोलीतून आत आले. ती मात्र तिथेच, गॅससमोर, हवेत बोटाने काटे काढत. "जास्त," ती म्हणाली. "जास्तच दाखवेल. आणि पायलटला वाटेल आपण खूप वेगात आहोत, तो वेग कमी करेल, आणि विमान..." तिने तळहात उलटा केला. मग गठ्ठ्यात पाहिलं. "इथे कमी लिहिलंय."

पुन्हा मांडलं. पुन्हा जास्त आलं. पुन्हा गठ्ठा पाहिला. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड उतरलं. जेवताना म्हणाली, "माझंच काहीतरी चुकून राहिलं असेल. इतक्या पोरांनी पाठ केलेलं आहे, पास झालेत."

ही तीच मुलगी, जिला क्लबात झापड लावून शिकवलं होतं: तुला काय वाटतं ते सोड, काटा सांगेल ते खरं. तिने आपलं डोकं सोडलं आणि गठ्ठ्याला काटा मानलं. असे आणखी प्रश्न होते, मधूनमधून, जिथे तिचं उत्तर एक आणि गठ्ठ्याचं दुसरं. प्रत्येक ठिकाणी तिने स्वतःचं खोडलं.

परीक्षा भोपाळला होती. मी सोबत गेले. बाहेर झाडाखाली पेरूवाला होता, त्याच्याशी मी पेरूवरून भांडत होते, तिखट-मीठ वेगळं मागत होते, आणि पोरं बाहेर यायला लागली. मुक्ता माझ्याजवळ येऊन उभी राहिली. शेजारीच एक मुलगी, गळ्यात मफलर, फोन कानाला लावून भराभर बोलत होती. "हाँ सर, वो छेद बंद वाला आया था, उतरते टाइम का. नहीं सर, मैंने ज़्यादा ही टिक किया. आपने बोला था ना, छपा हुआ उल्टा है."

माझ्या हातातला पेरू तसाच राहिला. तिचा फोन संपायची वाट पाहून मुक्ताने विचारलं, "छपा हुआ उल्टा है मतलब? हरकरे सर का गठ्ठा?"

"अरे, तुम बाहर वाली हो क्या?" ती मुलगी अगदी सहज म्हणाली. वाईट मुलगी नव्हती. "सर कुछ आन्सर जानबूझ के उल्टे छापते हैं. कोई दूसरा क्लास कॉपी करे तो पकड़ में आए. हमको तो बोल-बोल के ठीक करवा देते हैं. तुमको नहीं बताया?"

पेरूवाल्याने विचारलं, "दीदी, मसाला डालूँ?"

निकाल लागला तेव्हा मुक्ता थोडक्यात नापास झाली होती. अगदी थोडक्यात. त्या थोडक्याला कोण जबाबदार, ते शाळकरी पोरालाही कळेल. उडवून दाखवायचा नंबर हातचा गेला. बरोबरीची पोरं पुढे निघून गेली, कोणी गणवेशातले फोटो पाठवले. पण मी नंबरासाठी इतकी पेटले नव्हते. नंबर पुन्हा लागतो. मी पेटले ते दुसऱ्याच गोष्टीने. माझी मुलगी मला विचारू लागली, "आई, भाजीत मीठ बरोबर आहे का गं?" चाखून विचारायची. रस्ता ओलांडताना माझ्याकडे पाहायची. संक्रांतीला आम्ही ग्वारीघाटला गेलो. नर्मदेवर धुकं, पलीकडचा काठ नाही, पाणी कुठे संपतं ते नाही. नावाडी हाका मारत होता. मुक्ताने विचारलं, "भैया, कुछ दिखता तो है नहीं, ले कैसे जाओगे?"

"बैठो तो दीदी! पैसे उस पार देना, पहुँच गए तो."

सगळे हसले, बसले. मुक्ता बसली नाही. विमान उडवणारी माझी पोरगी नावेत पाय टाकेना. पायरीवर उभी राहून शालीचं टोक पिळत होती. त्या पायरीवर मी हरकरेचं नाव घेऊन जे बोलले ते नर्मदेने ऐकलं आहे. इथे लिहीत नाही.

हरकरेकडे मी गेले होते, संक्रांतीच्या आधीच. क्लास भरलेला होता. पांढरं विमान भिंतीकडे नाक करून लटकलेलं.

"हरकरे सर, छापलेलं उलटं आहे, हे मला काहून नाही सांगितलं?"

"कुठलं ताई? अच्छा, ते." त्याने खडू खाली ठेवला. "ते तर मी वरून दिलं होतं. विकलं थोडंच?"

"भाजीवाल्याने वरून टाकलेली मिरची विषारी निघाली तर तो सुटतो का?"

"आवाज खाली ताई. पोरं शिकून राहिली आहेत."

"काय शिकून राहिली आहेत? उलटं का सुलटं?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. हरकरेचे कान लाल झाले. "माझी मेहनत कोणी चोरू नये म्हणून खुणा ठेवतो मी. यात काय चुकलं? तुम्ही नाही तुमच्या कपड्याला मार्का लावत?"

"लावते. गळ्याच्या आत लावते. बाही उलटी शिवून नाही लावत."

आता पूर्ण वर्ग हसला. त्याला ते झोंबलं असावं, कारण मग तो जे बोलला ते त्याने सहज बोलायला नको होतं. "आणि ताई, विमान उडवणाऱ्या पोरीला इतकं तर स्वतःला समजायला पायजे होतं."

या वाक्याची माफी नाही. मुक्ताला समजलं होतं. माझ्या गॅससमोर, कुकरच्या वाफेत, तिला पूर्ण समजलं होतं. जे समजलं त्यावर विश्वास ठेवू नको, हे हरकरेच्या छापील अक्षरांनी तिला सांगितलं. चोराने कुलूप तोडावं आणि वर म्हणावं, कुलूप कच्चं होतं!

लोक मला समजावतात. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला हरकरेच्या बायकोने सगळ्यांना तिळगूळ वाटला. माझ्यापुढे आली, बिचारीचा हात अडखळला. मी म्हटलं, "द्या, घेते. पण गोड बोलणार नाही." घेतला, खाल्ला, आणि बोलले नाही. बायका अजून त्यावर हसतात. मी हसत नाही. गोड माणसाच्या जिभेची मला वर्षभराची भीती बसली आहे.

मुक्ताचे बाबा शांत माणूस. ते आधी म्हणायचे, "जाऊ दे नं, पुढच्या वेळी देईल." एकदा मात्र जेवता जेवता त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या फॅक्टरीत मोजमापाचं एखादं साधन चुकीचं निघालं तर ते नुसतं बाजूला ठेवत नाहीत. त्याला लाल रंग फासतात, कोणाच्या हाती पुन्हा लागू नये म्हणून. "चुकीचं माप घरात पडून असणं हेच वाईट," ते म्हणाले आणि ताक मागितलं. ते सहज बोलले असतील. माझ्या डोक्यात तो लाल रंग तेव्हापासून वाळलेला नाही.

कारण विचार करा. तो गठ्ठा फक्त मुक्ताने नेला का? "आपले लोक" म्हणून, "कोणाला दाखवू नका" म्हणून त्याने किती जणांच्या पिशवीत टाकला असेल? माझी मुलगी नापास झाली. ठीक, जमिनीवर झाली, तिला लागलं ते मनाला. पण जो पास झाला? ज्याचे बाकीचे प्रश्न जमले आणि हा एक चुकला, तरी पास झाला? तो आज कुठेतरी ढगात असेल. त्याच्या विमानाचं ते भोक बुजलं असेल. काटा जास्त दाखवत असेल, आणि त्याच्या डोक्यात हरकरेची खूण बसलेली असेल: कमी. ज्याच्या मागे बसलेली माणसं चहा पीत असतील त्याच्या डोक्यात ही खूण आहे. हे मी कोणाला सांगितलं की म्हणतात, "तुम्ही फार पुढचा विचार करता." मी शिवणकाम करते. उसवणारी शिवण मला आधी दिसते, लोकांना अंगावर उसवल्यावर दिसते.

या वर्षी मुक्ता पुन्हा बसते आहे. कापायच्या टेबलावर या वेळी दोनच गोष्टी आहेत, ती म्हणत होती त्याच: ते उशीएवढं जाडं पुस्तक आणि आपले बेचव नियम. गठ्ठा मी फेकला नाही. माझ्या कपाटात आहे, लाल कापडात बांधून. कोणी मला विचारलं की अभ्यासाला काय घ्यावं, तर मी आता थानासारखं सांगते. उलटं करून पाहा. प्रत्येक उत्तराच्या मागच्या बाजूला कारण असायला पायजे. कारण नसेल तर तो धागा जाळा, गोळी होईल. आणि तुमचं उत्तर आणि छापलेलं उत्तर भांडले, तर छापलेल्याला आधी उभं करा आणि त्याला विचारा, तू कोणाच्या घरून आलास?

परवा कुकरची शिट्टी अडकली, ते मघाशी सांगितलंच. धुकं खिडकीला लागून होतं, वर एक विमान घरघरत होतं. मुक्ता उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. मी मुद्दाम विचारलं, "काय गं, भोक बुजलं आणि उतरून राहिलं, तर काटा जास्त का कमी?"

तिने वर पाहिलं नाही. शेंग उघडली, दाणे परातीत सोडले. "जास्त," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "विचारू नको आता. मला माहीत आहे." आणि मटराची भाजी चाखून, कोणालाही न विचारता, वरून मीठ टाकलं.

भाजी जरा खारट झाली. मी एक अक्षर बोलले नाही. बाबांनी मुकाट्याने दुसरी पोळी घेतली.

म्हणून आता हरकरे सुटला असं कोणाला वाटत असेल, तर ते मनातून काढा. परवाच ओमतीत मी जिन्याखाली एका बापाला पाहिलं. साधा माणूस, स्कूटरच्या हुकाला पिशवी, पिशवीतून डोकावणारं पिवळं कव्हर, आणि चेहऱ्यावर तेच, काहीतरी वरून मिळाल्याचं समाधान. मी त्याला थांबवेपर्यंत सिग्नल सुटला आणि तो गर्दीत गेला. त्याच्या घरी आता कोणी मुलगा किंवा मुलगी आपलं बरोबर उत्तर खोडत बसली असेल.

तर हरकरे, हे तुमच्यासाठी. पैसे मला नकोत, माफी तुमच्या घरीच ठेवा. ज्यांना ज्यांना तो गठ्ठा दिला त्यांना बोलवा, नाही आले तर त्यांच्या दारी जा. एकेकाच्या गठ्ठ्यात स्वतःच्या हाताने, लाल पेनाने, उलट्या उत्तरांवर खूण करा. पेन मी देते. माझ्या मुलीच्या गठ्ठ्यापासून सुरुवात करा, तिच्यासमोर बसून, आणि तिला हेही सांगा की तिचं बरोबर होतं. आणि मग भरल्या वर्गात उभं राहून, जिथे तुम्ही मला आवाज खाली करायला लावला तिथे, मोठ्याने सांगा: ज्या पोरांनी तुम्हाला आपलं मानून विचारलं, त्यांना तुम्ही उलटं काहून दिलं?

उत्तर द्या, हरकरे. आणि उत्तराखाली कारण लिहा.